टोपीतलं पीस

इचलकरंजीच्या ‘गगनवेध’ रॉकेट मंडळाचे नियम तसे दोनच. पहिला, डॉक्टरबाईंच्या गळ्यातली किल्ली रॉकेट उडवायच्या पेटीत फिरल्याशिवाय कुणी बटणाला हात लावायचा नाही. दुसरा, उडालेलं रॉकेट सापडल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. बाकी चहा किती वेळा प्यायचा आणि एकमेकांची किती चेष्टा करायची, याला कसला म्हणून धरबंध नव्हता.

शिवाय एक रिवाज होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, म्हणूनच मोडायची कुणाची छाती नव्हती. दसरा झाला की हंगामाचं पहिलं रॉकेट उभं राही. रॉकेटच्या टोकाला मंडळात नाक म्हणत. धनपाल मगदूम आपल्या टोपीत खोवलेलं पीस काढून त्या नाकावरून तीनदा फिरवत, आणि मगच उलटी मोजणी सुरू होई.

धनपाल मगदूम म्हणजे मंडळाचे अप्पा. वय सत्तरीला टेकलेलं. उभा जन्म यंत्रमागाचा जॉबर म्हणून गेला. माग अडला की ज्याच्या नावानं हाका सुरू होतात, तो हा माणूस. त्या खडखडाटानं कान थोडे गेले, पण डोळे घारीचे. ताग्यांच्या पुठ्ठ्याच्या नळ्या फुकट जाताना बघून त्यांना रॉकेटचं वेड लागलं, आणि ते त्यांनी गावाला लावलं. सुरुवातीची रॉकेटं आडवी पळाली, एक म्हशीच्या गोठ्यात शिरलं, एकानं अप्पांच्या भुवया नेल्या. मग एक सुतासारखं सरळ गेलं आणि खडकेवाडीच्या माळावर हरवलं. दिवस मावळेपर्यंत शोधलं. सापडलं तेव्हा त्याच्या शेजारी गवतात एक पीस पडलं होतं. तपकिरी, वर काळ्या बारीक नागमोडी रेघा. अप्पांना धन्या म्हणणारा त्यांचा जुना दोस्त इकबाल मोमीन म्हणाला, गिधाडाचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, लांडोरीचं. अप्पांनी ते टोपीत खोवलं, आणि पुढच्या वर्षी एकही रॉकेट फुटलं नाही. झालं, रिवाज पडला. रिवाज पडायला काय पंचांग लागतं?

ही गोष्ट दोन हजार बेचाळीस सालची. तोवर जिथं म्हणून मोकळी जमीन होती तिथं सौर पट्ट्या अंथरून झाल्या होत्या. आभाळातही रस्ते आखले होते आणि सामान पोचवणारे ड्रोन त्यावरून दिवसभर घोंघावत. हौशी माणसानं रॉकेट उडवायचं तर आभाळाला कुठंतरी भोक शिल्लक हवं ना! आख्ख्या दक्षिण महाराष्ट्रात असं एकच भोक उरलं होतं, जतच्या अलीकडं, खडकेवाडीच्या माळावर, तेही एकाआड एक रविवारी. हा माळ गेला की मंडळानं रॉकेटं माळ्यावर टाकायची आणि चौकात बसून एकमेकांची तोंडं बघायची, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या रविवारी इकबालच्या टेम्पोत अप्पांची लेक अक्षता बसली होती. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत होती ती. मांडीवर जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र तिनं तान्ह्या पोरासारखं धरलं होतं.

“म्हणजे बघ पोरी,” इकबालनं गाडी खड्ड्यातून काढत विचारलं, “खाली माळावर कुत्रं मुतलं, तर तुझ्या डब्याला ते आभाळात कळणार?”

“कळणार, चाचा.” अक्षता हसली. “प्रत्येक जीव सारखा झडत असतो. कातडीचा भुगा, केस, पिसांची पूड, विष्ठेची धूळ. त्या प्रत्येक कणात त्या जिवाच्या डीएनएचे तुकडे असतात. ऊन तापलं की माळावरची हवा वर चढते आणि हे सगळं उचलून नेते. पाचशे मीटरवर त्याचं एकजीव कालवण झालेलं असतं. त्यातलं चमचाभर घ्यायचं आणि आत काय काय पडलंय ते वाचायचं.”

“मग ड्रोननं घे की. आमची म्हातारी रॉकेटं कशाला?”

“ड्रोनचे पंखे हवा घुसळतात. शिवाय तो गावभर उंडारून आलेला, दहा ठिकाणची धूळ अंगावर. तुमचं रॉकेट सरळ वर जातं, आग विझते, पॅराशूट उघडतं आणि ते गपगुमान खाली येतं. तेवढ्यात मी त्याच्या नाकातली खिडकी उघडते. आत गाळणी आहे. इतकी स्वच्छ हवा दुसऱ्या कशानं मिळत नाही.”

अप्पा खिडकीबाहेर बघत होते, पण कान इकडंच होते. लहानपणी ही पोर त्यांच्याबरोबर माळावर यायची. मग कॉलेज, मग बंगळूर, आणि बापाचं वेड हा सणासुदीला हसायचा विषय झाला. आता तीच पोर म्हणत होती की तुमच्या रॉकेटशिवाय काम होणार नाही. अप्पांना मिशीतल्या मिशीत हसू आवरेना.

“संस्थेतले साहेब म्हणत होते, तो माळ रिकामा आहे, तिथं गाळणी वाया घालवू नको,” अक्षता म्हणाली. “भांडून एक आणली. एकच. त्यामुळं अप्पा, काल सांगितलं ते लक्षात आहे ना? नाक मी एकदा बंद केलं की त्याला काही लावायचं नाही. ते पीस तर नाहीच नाही.”

“आहे गं बाई लक्षात.”

“आणि समजा, काही दुर्मीळ घावलंच तर?” मागून डॉक्टरबाईंनी विचारलं. शैलजा बुगड, गावातल्या दातांच्या डॉक्टर. दात उपटताना जितक्या थंड, तितक्याच रॉकेट उडवताना.

“यादीतलं अगदी वरचं काही मिळालं, तर नवा कायदा आहे, काकू. त्याच दिवसापासून दहा किलोमीटरचा टापू बंद. बांधकाम नाही, सुरुंग नाही, फटाके नाहीत, उडणारं काहीही नाही. त्यावर अपील नाही.”

 इकबाल खो खो हसला.

“आमची बेगम म्हणते, त्या माळावर बिनकामाच्या माणसांखेरीज काही उगवत नाही. तसली दुर्मीळ जमात घावली तर आम्हालाच कुंपण घाला!”

माळावर पोचले तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. गवत गुडघाभर, अजून हिरवट. वारा उगवतीकडून, एकसारखा, अंगावर येईल न येईल असा. दसऱ्यानंतर इथला वारा नेहमी तसाच असतो. म्हणून रॉकेटं नेहमी मावळतीला पडायची आणि मावळतीकडची प्रत्येक बाभूळ मंडळाच्या ओळखीची झाली होती.

अप्पांचं रॉकेट उभं राहिलं. अंग पुठ्ठ्याच्या नळीचं, नाक पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं, आत इकबालच्या मागावरच्या मलमलीचं पॅराशूट. अक्षतानं हातमोजे घालून नाकात गाळणी बसवली, खिडकी मिटली आणि आपल्या पडद्याकडं वळली. डॉक्टरबाईंनी चारी बाजूंचं आभाळ न्याहाळलं. इकबालनं पेटीची तार रॉकेटच्या वातीला जोडली. आणि अक्षताची पाठ आहे असं बघून अप्पांनी टोपीतलं पीस काढून नाकावरून एक, दोन, तीन असं हलकेच फिरवलं.

“अप्पा!”

“झालं, झालं. हात नाही लावला मी.”

“पीस लावलंत ना पण!” अक्षताचा चेहरा लाल झाला. “एक गोष्ट सांगितली होती मी तुम्हाला. एक!”

“अगं, रिवाज आहे. त्याशिवाय ते उडायचं नाही,” अप्पा पुटपुटले.

दुसरी गाळणी नव्हती. पुसायला जावं तर आणखी घाण आत जायची. अक्षता “उडवा,” एवढंच म्हणाली.

किल्ली फिरली. अप्पांनी दहापासून उलटं मोजलं, ते मोजणं पोस्टमास्तरच्या शिक्क्यासारखं ठाम होतं. सुर्रकन आवाज झाला, धुराची एक सरळ रेघ आभाळात ओढली गेली, आणि मग ती पांढरी मलमल उमलली.  रॉकेट मावळतीला तरंगत गेलं आणि ओळखीच्या हिवराच्या झाडापाशी उतरलं. डॉक्टरबाई आधी पोचल्या आणि त्यांनी मंडळाची आरोळी दिली, “गवसलंऽऽ!”

गाळणी डब्यात गेली. डबा वाचायला अर्धापाऊण तास लागणार होता, म्हणून टेम्पोच्या सावलीत भाकरी सुटल्या. शेंगांची चटणी, दही, डॉक्टरबाईंचं भरलं दोडकं. इकबाल आपल्या रॉकेटकडं बघत जेवत होता. पुढचा नंबर त्याचा. साड्यांच्या ताग्याच्या जाड नळीचं, माणसाहून उंच, हिरव्या-सोनेरी रंगाचं धूड. गेले सहा महिने तो दुसरं काही बोलला नव्हता. पॅराशूट खुद्द बेगमनं शिवलं होतं, हे विशेष, कारण एरवी ती या उद्योगाला सुईसुद्धा लावू देत नसे.

डबा टिंगकन वाजला. अक्षता एका हातात भाकरी धरून वाचू लागली.

“कुसळी गवत. बाभूळ, हिवर. शेळी, मेंढी, कुत्रा. खोकड! बघा, खोकड आहे इथं. तितर, चंडोल. कोंबडी, ती वाडीवरची असणार. आणि…”

तिच्या हातातली भाकरी पडली.

“काय गं?”

“माळढोक.”

 माळढोक! माणसाच्या कमरेएवढा उंच, गवतातून सावकाश चालणारा तो पक्षी. राज्यातला शेवटचा दिसला त्याला आता एका पिढीचा काळ लोटला होता. पोरं त्याला नुसती चित्रातच ओळखत. सरकारनं तो महाराष्ट्रातून गेल्याचं जाहीरही करून टाकलं होतं.

डॉक्टरबाईंनी हळूच माळाकडं बघितलं. इकबालनं आपल्या हिरव्या रॉकेटकडं बघितलं. मग तो एकदम मांडीवर थाप मारून ओरडला, “अरे, ते पीस! धन्याच्या टोपीतलं पीस! त्याच माळढोकाचं असणार ते, गिधाडाचं कसलं! त्याचीच धूळ गेली तुझ्या गाळणीत!”

अक्षतानं बापाच्या टोपीकडं बघितलं. तिच्या तोंडावरचं तेज दिवा फुंकल्यासारखं गेलं.

“तेच असणार,” ती म्हणाली. “तपकिरी, नागमोडी रेघा. लहानपणापासून बघतेय मी, माझ्या कसं लक्षात आलं नाही! म्हणजे नमुना बाद.” ती डबा मिटू लागली. “साहेब बरोबर म्हणत होते. माझंच चुकलं. अप्पांच्या माळावर, अप्पांच्या रॉकेटनं, म्हणून हट्ट धरला मी. आणि अप्पांना एक दिवस, एकच दिवस दम निघाला नाही.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिनं पिशवीतून एक पारदर्शक पाकीट काढून अप्पांपुढं धरलं.

“ते पीस यात घाला. बंगळूरला तपासून घेते. ते माळढोकाचं निघालं की अहवालात लिहून टाकते, दूषित नमुना. पीस मोडावं लागेल पण. चालेल?”

अप्पांनी टोपी काढली, पीस मुठीत घेतलं आणि मूठ तशीच खिशात घातली.

“घरी देतो,” ते म्हणाले. “नीट पुसून.”

“आता पुसून काय करायचंय, अप्पा!” अक्षता कडवट हसली आणि पाकीट त्यांच्या पुढ्यात ठेवून उठली.

आता खरी गोम अशी की, त्या मुठीतलं पीस माळढोकाचं नव्हतंच.

आदल्या संध्याकाळी अक्षतानं बजावल्यावर अप्पांनी खरोखर विचार केला होता. पोरीला भीती कशाची, तर जुन्या पिसाच्या धुळीची. रास्त आहे. पण रिवाज मोडून रॉकेट फुटलं तर? तेव्हा अप्पांनी आपल्या जॉबरच्या डोक्यानं तोड काढली. जुना सुटा भाग खराब झाला तर माग बंद ठेवतात काय? नवा बसवतात. जुनं पीस त्यांनी कपाटात शेल्याच्या घडीत ठेवलं. नळ्या आणायला इकबालच्या घरी गेले, तेव्हा त्याच्या परसात गावरान कोंबडीचं एक तपकिरी पीस पडलेलं होतं, ते उचललं. घरी आणून रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुतलं, पंख्याखाली वाळवलं, टोपीत खोवलं. आता ते देवघरात ठेवण्याइतकं स्वच्छ झालं असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

म्हणजे डब्यानं वाचलेली कोंबडी वाडीवरची नव्हती. ती टोपीतली होती. आणि माळढोक टोपीतला नव्हता. तो इथंच कुठंतरी होता.

आपल्याशिवाय हे या माळावर कुणाला ठाऊक नाही, असं अप्पांना वाटलं.

 घरी जायचं, शेल्याची घडी उलगडायची, जुनं पीस या पाकिटात घालायचं. बंगळूरचं यंत्र म्हणेल, माळढोक. नमुना बाद. माळ राहील, आभाळाचं भोक राहील, इकबालचं हिरवं धूड आत्ता उडेल आणि पुढच्या दसऱ्याला आणखी एक. खोटं एक शब्दही बोलायचं नाही. फक्त गप्प बसायचं. गप्प बसायला काय लागतं? जन्मभर मागांच्या आवाजात ते गप्पच तर होते.

फक्त पोर पुन्हा कधी त्यांच्या रॉकेटमध्ये काही ठेवणार नव्हती.

आणि आणखी एक भानगड झाली होती. अप्पांचं डोकं त्यांना न विचारता हिशेबाला लागलं होतं. रॉकेट वरून मावळतीला वाहत आलं, म्हणजे गाळणीत शिरलेली हवा उगवतीकडून आली. कण तिकडूनच आले. उगवतीला काय आहे? ओढ्याच्या पलीकडचं गवताण. तिकडं आपण कधी गेलोय का? वाऱ्याच्या उगमाकडं रॉकेट पडतच नाही, तर कोण कशाला जाईल! इतकी वर्षं मंडळानं मावळतीचा माळ तुडवला आणि उगवतीला पाऊल टाकलं नाही. तो तिथंच राहिला असेल. शहाणा आहे लेकाचा. पण खातो काय? एकटा आहे की जोडीनं? आवाज झाल्यावर उडून जातो, की मान खाली घालून बसून राहतो?

‘गप रे,’ अप्पांनी स्वतःला दटावलं. पण मन म्हणजे मोकाट ढोर. दावं तोडून ते ओढ्यापलीकडं गेलंसुद्धा.

“चला, बसून काय राहिलाय!” इकबालनं हाक दिली. “माझ्या नवरदेवाला घोड्यावर बसवायचंय.”

हिरवं रॉकेट खांबाला लावलं. इकबालनं वात जोडली. अक्षता लांब टेम्पोच्या पायरीवर बसून राहिली. डॉक्टरबाईंनी किल्ली फिरवली आणि मान हलवली. मोजायचं काम अप्पांचं.

“दहा,” अप्पा म्हणाले. “नऊ. आठ.”

तो बसला असेल का खाली?

“सात. सहा. पाच.”

कोंबडीसुद्धा अंड्यावर बसली की फटाक्याला हलत नाही, असं इकबालच एकदा सांगत होता. आणि आवाज फार झाला तर उठून पळते ती, परत येतही नाही.

“चार. तीन.”

दोन येईना. सगळे थांबले. इकबालचा अंगठा बटणावर होता.

“धन्या, दोन म्हण की!”

“किल्ली काढा, डॉक्टरबाई,” अप्पा म्हणाले.

डॉक्टरबाईंनी विचारलंसुद्धा नाही का ते. किल्ली काढली आणि गळ्यात घातली. अप्पा टेम्पोकडं चालत गेले. खिशातली मूठ त्यांनी लेकीपुढं उघडली.

“हे ते पीस नाही. नीट बघ. ते घरी आहे, कपाटात. हे कोंबडीचं आहे. तू नको म्हणालीस म्हणून दुसरं आणलं. धुऊन आणलं गं. मला वाटलं, धुतलं म्हणजे झालं.”

अक्षतानं पीस उन्हात धरलं. एकरंगी तपकिरी. एकही नागमोडी रेघ नाही. 

“कोंबडी,” ती म्हणाली. “यादीत कोंबडी आहे.”

“ती ही. आणि दुसरा जो आहे, तो खरा आहे.”

“अप्पा, तुम्हाला कळतंय ना, मी हे पाठवलं की…”

“न कळायला काय झालं? टेम्पोत ऐकलं मी सगळं. तेवढा बहिरा नाही झालो.”

इकबाल मागं येऊन उभा होता. अप्पा वळले. 

“माझ्याच कोंबडीचं आहे ते,” इकबाल खाली बघत म्हणाला. “सकाळीच ओळखलं मी. तुरेवालीचं. म्हटलं, धन्याचं जुनं हरवलं असेल, कशाला लाज काढा.”

“मग मघाशी पीस, पीस म्हणून बोंबललास कशाला?”

“तू का गप्प बसलास?”

 इकबालनं हातातलं बटण गवतात टाकलं.

“एकदा, धन्या,” तो म्हणाला.  “एकदा उडवू दे रे. सहा महिने खपलोय. बेगमनं शिवलंय त्याचं पॅराशूट. एकदा उडवतो आणि मग सांगा साऱ्या जगाला. एका आवाजानं काय आभाळ कोसळणार आहे?”

 नको म्हणणं अप्पांच्या जिवावर आलं होतं, आणि हो म्हणणं त्याहून.

“तो अंड्यावर बसला असला तर, इकबाल?”

इकबाल वळला. अक्षताकडं बघत त्यानं विचारलं, “किती अंडी घालतो?”

“एक,” अक्षता म्हणाली. “वर्षाला एक.”

“एक!” इकबाल म्हणाला. “हॅट् तिच्या. माझी तुरेवालीसुद्धा परवडली.”

तो गेला आणि त्यानं आपल्या हातानं रॉकेटची वात काढली. मग ते हिरवं धूड खांद्यावर घेऊन टेम्पोत नेऊन झोपवलं आणि त्यावर ताडपत्री घातली, अगदी हळू. डॉक्टरबाईंनी तोंड फिरवून चष्मा पुसला. दात उपटताना त्यांना कधी असं करताना कुणी बघितलं नव्हतं.

अक्षता फोन काढून अहवाल लिहू लागली. अप्पांनी तिचा हात धरला.

“पाठव की. पण आधी बघून तरी येऊ या. कुठं आहे ते मी सांगतो तुला.”

“कुठं?”

“वारा उगवतीचा. आपण त्याच्या उलटं चालायचं.”

“असं सापडतं होय, अप्पा?” पण ती उठली होती.

“इतकी वर्षं मी दुसरं केलंय काय? पडलेलं शोधायचं. नियम आहे, सापडल्याशिवाय घरी जायचं नाही.”

मग ते चौघं नेहमीसारखे ओळीनं पांगले, हाक ऐकू येईल इतकं अंतर ठेवून, डोळे गवतात. फक्त तोंडं उलट्या दिशेला होती आणि आज कुणी हाक मारत नव्हतं. ओढ्यात पोटरीएवढं पाणी होतं. इकबालनं चपला हातात घेतल्या. पलीकडं गवत उंच, पिवळसर, आणि इतकं निवांत की आपल्याच पावलांचा राग यावा. नाकतोडे पायाखालून उडत होते. ‘हं, म्हणजे खायला हे आहे तर,’ अप्पांनी मनात नोंद केली. वाटेत एका मोकळ्या जागी मऊ मातीत पावलं उमटली होती, जाड, तीन बोटांची. अप्पांनी लेकीला खूण केली. ती वाकली, तिनं पावलावर आपला पंजा धरून बघितला, आणि वर बघून हसली. सातवीत असताना हरवलेलं रॉकेट सापडलं की ती अशीच हसायची.

आणखी थोडं पुढं गेल्यावर अप्पांना गवतात एक पांढरी काठी दिसली. काठी हलली. ती मान होती. वर काळी टोपी घातल्यासारखं डोकं, खाली तपकिरी पाठ. तो थांबला होता आणि या चार माणसांकडं बघत होता. ना घाई, ना भीती. आपल्या अंगणात कोण आलंय हे बघावं, तसा.

अप्पांचं तोंड सवयीनं उघडलं. ‘ग’ ओठांवर आला. छातीत आरोळी भरली होती, इतकी मोठी की तशी आयुष्यात कधी मारली नव्हती. त्यांनी ती तशीच गिळली आणि नुसता हात वर केला.

ओळीत पलीकडं अक्षताचा हात वर झाला. मग डॉक्टरबाईंचा. शेवटी इकबालचा, त्यात अजून चपला होत्या.

अप्पा होते तिथंच गवतात बसले. एकेक करत बाकीचे वाकून त्यांच्याजवळ येऊन टेकले. अक्षतानं डोकं त्यांच्या खांद्याला लावलं. ती रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं.

“एकटाच आहे काय रे?” इकबालनं त्यांच्या कानात विचारलं.

“कुणास ठाऊक,” अप्पा म्हणाले. “बघू, जातो कुठं ते.”

तो पक्षी खाली वाकला, एक नाकतोडा उचलला आणि सावकाश चालू लागला. सापडलं होतं. नियमाप्रमाणं आता घरी जायला हरकत नव्हती. कुणी उठलं मात्र नाही.